भर मघात हळद्याहून जंजाळ्याला : अजिंठ्याच्या रांगेतली पावसाळी पायपीट

माथ्यावरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

इथं मागं कुणीतरी विचारलं होतं की पावसात दिवसभर चालता येईल असा डोंगर मराठवाड्यात आहे का. चार जणांनी "आपल्याकडं कुठले डोंगर, लोणावळ्याला जा" म्हणून विषय मिटवला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आता भर मघा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात जाऊन आलोय, तर आठवतंय तोवर लिहून टाकतो.

आधी भूगोल, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. सिल्लोडकडून उंडणगाव, मग हळदा असं येताना आपण डोंगरावर आहोत हे लक्षातच येत नाही. मका, कपाशी, मधेच अद्रकीचं वावर, सगळं सपाट. हळदा मागं पडलं की मात्र घाट एकदम खाली कोसळतो. समोर वेताळवाडीचं धरण, सोयगाव आणि त्यापुढं धुरकट खानदेश. या रांगेची ठेवणच अशी आहे. दक्षिणेकडून पठार, उत्तरेकडून कडा. पठारावरचं पाणी पूर्णेतून गोदावरीला जातं, कड्यावरून पडलेलं तापीला. एकाच वावराच्या दोन बांधांचं पाणी दोन समुद्रांना जातं म्हणा ना.

आम्ही हळदा घाटाच्या खिंडीतून वेताळवाडीचा किल्ला केला, परत वर आलो आणि माथ्यामाथ्यानं जंजाळ्याकडं निघालो. जंजाळा किल्ला, घटोत्कच लेणी आणि गावात मुक्काम असा बेत. गाडीनं हे सगळं एका दिवसात निवांत होतं, पण त्यात चालणं काहीच नाही.

वेताळवाडीबद्दल जास्त लिहीत नाही, माहिती भरपूर मिळते. एवढंच सांगतो की पावसात तो किल्ला बघितला नसेल तर बघितलाच नाही. तटाला शेवाळ, दरवाजावर कोरलेले शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) भिजून काळेभोर झालेले, आणि उत्तर टोकाच्या बारादरीत उभं राहिलं की कमानीतून ढग आत येतात. एका दरवाजाचं नावच जंजाळा दरवाजा आहे. म्हणजे या दोन किल्ल्यांचं नातं जुनंच. जंजाळ्यालाही वेताळवाडी दरवाजा आहे.

खरी मजा आणि खरा त्रास पुढं, माथ्यावर. मुरमाड माळ असतो तोवर चाल झकास. कुर्डू, तेरडा, मधेच कळलावीचं लालपिवळं फूल, कड्याच्या बाजूला सागाला मोहर. पण वावर लागलं की संपलं. काळी माती बुटाला अशी धरते की दहा पावलांवर पाय उचलवत नाही. काठीनं खरवडायचं, दहा पावलं टाकायची, परत खरवडायचं. आमचा वेग तिथं निम्म्यावर आला. कोणी विचारलं की अंतर किती, तर माझं उत्तर एकच : किलोमीटर मोजू नका, वावरं मोजा.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

जंजाळ्याच्या अलीकडं एक नाला आडवा येतो. असे आखूड नाले या माथ्यावर बरेच आहेत. पठारावर उगवतात, थोडं अंतर वाहतात आणि कड्यावरून खाली उडी घेतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पोटरीएवढं आणि नितळ. आमच्यातले दोघं बूट काढायला बसलेही. काठावरच्या कोठ्यात एक बाबा युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन बसले होते. उठले नाहीत, नुसते म्हणाले, "थांबा जरा. वर काळं झालंय."

आमच्या डोक्यावर तर उघडीप होती. पण पाव्हण्यानं घरच्या माणसाचं ऐकावं, म्हणून थांबलो. थोड्या वेळानं पाणी चहासारखं झालं. मग पाचोळा आला, मग काड्या, मग पऱ्हाटीची एक अख्खी मोळी. आवाज त्यानंतर आला. जिथं पोटरीएवढं पाणी होतं तिथं बघता बघता कमरेच्या वर गेलं. आणि खालच्या अंगाला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, कडा.

बाबांनी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवली. ती बुडाली. दुसरी थोडी वर रोवली, तीही गेली. तिसरी राहिली. तिच्याकडं बघत त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "आता चढत न्हाई. पण उतरायची वाट बघाल तर अंधार पडल." मग ते स्वतः उठले आणि आम्हाला कड्यापासून उलट्या दिशेनं, वावरांच्या बांधाबांधानं आत घेऊन गेले. अर्धा-पाऊण तास. तिथं तो नाला म्हणजे तीन वेगवेगळे ओहोळ होते. एकेक करून घोटाभर पाण्यातून ओलांडले. बुटातलं पाणीसुद्धा ओतावं लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. या रांगेत पावसात चढण कुणाला मारत नाही, नाला मारतो. तेव्हा वाट ठरवताना किल्ले बघून ठरवू नका, पाणी बघून ठरवा. नाला आडवा आला तर खाली सरकायचं नाही, उगमाकडं सरकायचं. वळसा पडतो, पडू द्या.

जंजाळा आणि लेण्यांबद्दल प्रतिसादात लिहितो, आता बोटं दुखायला लागली.

बालाघाटकर

लै भारी लिवलंय भाऊ. पण मघात गेलाव म्हंजे हिंमतच म्हणायची. आमचा आजा म्हणायचा, "पडल्या मघा तर चुलीपुढं हगा, न पडल्या मघा तर ढगाकडं बघा." तुमच्यावर पहिली पाळी आली असती तर त्या बाबाच्या कोठ्यातच मुक्काम होता!

पैठणकर

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका की.

शनिवारचा सह्याद्री

वर्णन चांगलं आहे, पण थोडं स्पष्ट बोलतो. घोटाभर पाण्यासाठी पाऊण तासाचा वळसा हे जरा जास्त झालं. आम्ही पुण्याकडं भर जुलैत ओढे ओलांडतो. एक जण दोर घेऊन पलीकडं जातो, दोर झाडाला बांधतो, बाकीचे दोराला धरून किंवा कमरेला बांधून येतात. नाहीतर सगळ्यांनी हातात हात घालून साखळी करायची. पन्नास-साठ मीटर दोर सोबत ठेवा, प्रश्न मिटला.

माथ्यावरचा

@शनिवारचा सह्याद्री, दोर होता आमच्याकडं. प्रश्न तो नव्हता. पहिला माणूस पलीकडं जाणार कसा? आणि कमरेला दोर बांधून वाहत्या पाण्यात उतरणं हे तर अजिबात करू नये. पाय निसटला की दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला दाबून धरतं. मग सोडवता येत नाही. पोहणारा सुटून काठाला लागू शकतो, बांधलेला नाही. साखळीचंही तेच, एक गेला की शेजारचे दोन जातात. ज्यांनी या गोष्टीचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि अंगात तसं जॅकेट आहे त्यांची गोष्ट वेगळी.

त्यात इथं खाली डोह नसतो, कडा असतो. धबधब्याच्या माथ्यावरून नाला ओलांडणं म्हणजे एकदाच चुकायची मुभा.

काळा पाषाण

या नाल्यांना एवढं अचानक पाणी का येतं ते सांगतो, कारण पुण्याकडच्या लोकांना यातच फसायला होतं.

सगळी रांग बेसॉल्टची, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. माथ्यावर मातीचा थर पातळ, खाली कातळ. पावसाळ्याच्या सुरुवातीला माती थोडं पाणी पिते. एकदा ती भरली की पडलेला प्रत्येक थेंब सरळ नाल्यात. नाल्याचं पाणलोट छोटं, म्हणून पूर चढतोही झटकन आणि उतरतोही झटकन. मोठ्या नदीला पूर यायला कितीतरी तास लागतात, इथं चहा उकळेपर्यंत काम होतं.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. मराठवाड्यात पूर्ण पावसाळ्यात सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो. घाटमाथ्यावर कोकणाच्या बाजूला याच्या कितीतरी पट. पण तिकडं तो रोज पडतो, ओढे जूनपासून भरलेलेच असतात आणि माणूस त्यांना भरलेले समजूनच वागतो. आपल्याकडं महिनाभर खंड पडतो, नाला कोरडा ठणठणीत, आणि मग एका दुपारी दोन तासांत पंधरा दिवसांचा पाऊस. तोही एका शिवारात पडतो, शेजारच्या शिवारात ऊन. डोक्यावरच्या आभाळाकडं बघून निर्णय घेणारा इथं फसतो. वरच्या अंगाला काय चाललंय ते बघायला पाहिजे. त्या बाबांनी तेच केलं.

पाणी गढूळ होणं, पाचोळा येणं ही पहिली घंटा. ती वाजली की पात्रातून बाहेर, बाकी विचार काठावर बसून.

सोयगावची लेक

वाचून माहेरची आठवण आली दादा.

आमच्याकडं खालून, जरंडीकडूनही घटोत्कच लेण्यांवर आणि जंजाळ्याला चढतात. गुराखी पोरं तर दिवसातून येऊन जाऊन करतात. पण पावसात मी खालून जा असं कुणाला सांगणार नाही. वरचे सगळे ओहोळ एकत्र होऊन आमच्या बाजूला येतात, त्यामुळं खाली प्रत्येक नाला मोठा असतो. शिवाय कड्याखालून चालताना वरून दगड सुटतात, विशेषतः दोन-तीन दिवस झड लागून मग उघडल्यावर. माथ्यानं गेलात ते बरोबरच केलंत.

एक भर घालते. माथ्यावर धुकं आलं तर कड्याच्या कडेची वाट सोडा. गुरांच्या वाटा कड्यापर्यंत जातात आणि तिथंच संपतात, कारण गुरं गवतासाठी जातात, पलीकडं जायला नाही. नवख्याला ती पायवाट वाटते. अशा वेळी वावरांच्या बांधानं चाला, चिखल लागला तरी चालेल.

आणि वेताळवाडीजवळ रुद्रेश्वराची लेणी आहेत, गणपती आणि नरसिंहाची मूर्ती. पावसात तिथं धबधबा पडतो. पुढच्या वेळी ते सोडू नका.

माथ्यावरचा

@सोयगावची लेक ताई, रुद्रेश्वर राहिलं खरं. गुरांच्या वाटेचं एकदम पटलं. आमच्यासोबत हळद्याचा एक मुलगा होता, तो दर थोड्या वेळानं कड्याकडं जाणारी वाट सोडून आत वळायचा. आम्ही विचारलं तर म्हणायचा, "ती म्हशीची वाट हाय."

जंजाळ्याचं राहिलं होतं. गावाकडून किल्ला जवळजवळ सपाटच, किल्ल्यात शिरलोय हे तटबंदी आल्यावरच कळतं. आत अवाढव्य पठार, तळी तुडुंब, पडकी मशीद, राणीचा महाल म्हणतात त्याच्या भिंती. गवत छातीएवढं, त्यामुळं काठी आपटत चालावं लागतं. पडक्या भिंतींच्या फार जवळ जाऊ नका. चुना धुऊन गेलाय, भिजलेले दगड कधी निसटतील सांगता येत नाही.

घटोत्कच लेणी मात्र पावसात बघण्यासारखी. वाकाटकांच्या काळातली, म्हणजे अजिंठ्यातल्या उशिराच्या लेण्यांच्या बरोबरीची. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. त्याचा एक शिलालेख अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात आहे आणि एक इथं. अजिंठ्याला रांगा लागतात, इथं त्या दिवशी आम्ही आणि वटवाघळं. बाहेर पाण्याचा पडदा, आत कोरडं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तिथंच सोडून खाल्ली. कागद, पिशव्या परत आणल्या, हे मुद्दाम लिहितोय.

लातूरची पोर

+१ पिशव्यांना.

गौताळ्याच्या काठाला

कन्नडहून लिहितोय. याच रांगेत पश्चिमेला आमचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य. पितळखोरा, अंतूर, सीतान्हाणी, चालायला कितीतरी. पण अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जा आणि वेळेत बाहेर या. बिबटे आहेत, आणि २०२१ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघही इथं कॅमेऱ्यात आला होता. त्याची भीती घालत नाही, पण संध्याकाळी उशिरा झाडीतून चालत येणं शहाणपणाचं नाही.

भीती घालतो ती पाण्याची. त्याच वर्षी, ३० आणि ३१ ऑगस्टच्या मधल्या रात्री जो पाऊस पडला त्यात कन्नडच्या घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता बंद पडला, खाली चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं. तारीख बघा, मघा संपताना आणि पूर्वा लागताना. मघात जायची फॅशन करू नका बाबांनो. पुष्यात, म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचे पहिले दिवस, रिमझिम असते, हिरवळही आलेली असते. तेव्हा जा.

बालाघाटकर

गौताळावाल्या भाऊंशी सहमत बी हाव आन न्हाई बी. पुष्यात आमच्याकडं कैकदा पाऊसच नसतो हो. रिमझिमच्या नावानं चालायला निघायचं आन उन्हानं करपून यायचं.

खरी भ्या बाळगायची ती उत्तरा-हस्ताची, म्हंजे सप्टेंबर अर्धा सरल्यावरची. तवा सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीन वाजले की ढग उभे राहतेत आन वीज. मराठवाड्यात माळावर, झाडाखाली माणसं जनावरं जातेत ती बहुतेक अशाच दुपारी. झडीच्या पावसात तेवढी वीज नसती. पण गडगडाट ऐकला की माळावरून खाली, एकट्या झाडाखाली न्हाई, काठी-छत्री उभी धरून न्हाई, आन तळ्याकाठी न्हाई. मोबाइलमदी दामिनी ॲप टाकून घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं हाय, जवळपास वीज पडायली का ते दावतंय. पन रेंज पायजे.

काळा पाषाण

दामिनी +१. रेंज नसेल तर साधा हिशोब : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर ती धोक्याच्या अंतरात आहे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्या माथ्यावर जायचं नाही. लेण्यात असाल तर तोंडाशी उभे राहू नका, आत सरका, पण भिंतीला टेकून बसू नका.

शनिवारचा सह्याद्री

दोराचा मुद्दा मान्य, त्यावर जास्त ताणत नाही. बुटांचं बोला. मी महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊन येणार आहे, चालतील ना?

माथ्यावरचा

आणा, पण त्यांचं तिकडं काही चालत नाही. वॉटरप्रूफ बुटात वरून एकदा पाणी गेलं की ते बाहेर येत नाही, दिवसभर पाय त्यात शिजतात. आमच्यात ज्याच्या पायात खाली गोट्यांचे स्वस्त फुटबॉल बूट होते तो सगळ्यात सुखी. चिखल लवकर सुटत होता, पाणी शिरलं तसं निघत होतं. फक्त लेण्यांच्या पायऱ्यांवर आणि गुळगुळीत कातळावर ते घसरतात, तिथं बसून उतरावं लागलं.

बालाघाटकर

आमच्या गावात शेतावर प्लॅस्टिकचे बूट घालतेत, बाजारात कुठं बी मिळतेत. मोज्याबिगर घातले तर टाच सोलून निघंल, मोजे घालून बगा. न्हाई जमलं तर आमच्या म्हाताऱ्यावानी अनवाणी चाला.

लातूरची पोर

बुटांपेक्षा पाय महत्त्वाचे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल टाकता येत नाही. दुपारी जेवायला बसाल तेव्हा मोजे काढून पाय कोरडे करा, खोबरेल चोळा, दुसरे मोजे घाला. ते दुसरे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले असू द्या. मी नर्स आहे म्हणून अजून एक : गवतात घोणस असते. चावलीच तर घट्ट पट्टी आवळायची नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. पाय न हलवता, उचलून, गाडी मिळेल तिथून १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. मांत्रिकाकडं नेण्यात वेळ गेला की आमच्या हातात काही राहत नाही.

माहूरचा माळ

धागा अजिंठ्याचा आहे, पण थोडं अवांतर. पावसात लांब चालायची खरी परंपरा आमच्या माहूरला आहे. राखी पौर्णिमेला गडाची परिक्रमा असते. भर श्रावणात, डोंगर-जंगलातून, रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया करत लोक गडाला फेरा घालतात. तेलंगणातून, विदर्भातून येतात. सत्तरीच्या बाया, कपाळभर कुंकू, पायात काही नाही, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. बूट कुठले, दोर कुठला हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

पण एक लक्षात घ्या, त्या एकट्या नसतात. पुढं मागं हजारो माणसं, ओढ्यावर गावातली पोरं उभी राहून हात देतात. माथ्यावर चौघं मित्र गेले तर तसं कुणी नसतं. म्हणून "आमची आजी जाते, मग तुम्हाला काय झालं" असं म्हणायला मी जाणार नाही.

लेकुरवाळा

दहा वर्षांचा मुलगा आणि बायको सोबत. एवढं लांब जमणार नाही. पण पावसात थोडं तरी चालायचंय. सुचवा.

काळा पाषाण

अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी समोरच्या कड्यावरून लेणी दिसली ते हेच अंग. वरून वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा वळसा, सगळी लेणी एका रांगेत आणि टोकाला सातकुंडाचा धबधबा. तिथून पायऱ्यांनी लेण्यांपर्यंत उतरता येतं. पोराला एवढं पुरे. पायऱ्या निसरड्या असतात, हात धरा. सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

बालाघाटकर

आमच्याकडं या. बीडजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आन शेजारीच धबधबा. चालणं थोडं, पोरगं खूश. पाटोद्याकडं सौताडा हाय, विंचरणा नदी दरीत उडी मारती, खाली रामेश्वराचं मंदिर. दरीत उतरायला पायऱ्या हायेत, पन परत चढताना बायकू बोलायची बंद होईल, मग माझं नाव घेऊ नका. आन सेल्फीसाठी काठावर जायचं न्हाई, दरसाली कुणीतरी जातंय.

सोयगावची लेक

लेकुरवाळा भाऊ, म्हैसमाळही आहे. सरळ रस्ता, गिरिजामातेचं मंदिर, धुकं मिळालं तर पोराला ढगात फिरल्याचं समाधान. रविवारी गाड्यांची रांग लागते, आठवड्यात जा.

पैठणकर

मी आणि अजून पाच जण पोळ्याला जोडून सुट्टी टाकतोय. माथ्यावरचा दादा, तुमचीच वाट पकडायचा विचार आहे. एसटीनं जमेल का? वाटाड्या कसा मिळाला? मुक्काम?

माथ्यावरचा

जमेल. सिल्लोडला यायचं, तिथून उंडणगाव-हळद्याकडं जाणारी गाडी. सकाळची पहिली पकडा. वेळा डेपोत विचारून घ्या, पावसाळ्यात रस्ता खराब झाला की गाडी मधूनच वळते. सोयगावला जाणारी मिळाली तर थेट घाटाच्या खिंडीत उतरा, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. परतीला जंजाळ्याहून अंभई, उंडणगाव करत सिल्लोड. अंभईला वडेश्वर महादेवाचं जुनं देऊळ आहे, गाडीची वाट बघताना तिथं बसता येतं.

वाटाड्यासाठी हळद्यात चहाच्या टपरीवर विचारा. दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ठरवली त्यापेक्षा थोडी जास्त द्या, त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. आम्ही जंजाळ्यात सरपंचांना विचारून शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. एका घरी पैसे देऊन भाकरी-पिठलं आणि ठेचा. ठेचा सांभाळून खा, आमठाण्याच्या बाजारातली मिरची इथलीच.

सहा जण आहात ते बरं. पण दोघांना तरी सांगून ठेवा की एवढ्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. माथ्यावर खानदेशाकडच्या टॉवरची रेंज मधेमधे येते, नाल्यात अजिबात नाही. आणि दुपारी दोनपर्यंत निम्मी वाट झाली नाही तर जवळच्या गावात उतरायचं, हे घरूनच ठरवून निघा. तिथं गेल्यावर कुणीच मागं फिरायला तयार नसतं.

पैठणकर

धन्यवाद दादा. मग पोळ्याच्या दिवशी सकाळीच हळद्यात येतो.

सोयगावची लेक

अहो पोळ्याच्या दिवशी नका येऊ! त्या दिवशी बैलाला अंघोळ, शिंगाला हिंगूळ, झूल, वेशीत तोरण, संध्याकाळी मिरवणूक. कितीही पैसे द्या, बैल सोडून तुमच्यासोबत डोंगरात कुणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी, करीला या. घरात पुरणपोळ्या उरलेल्या असतात, त्याही बांधून मिळतील.

पैठणकर

ठरलं, करीला.